शेजारच्या जिन्याच्या खिडकीला स्वयंपाकघर ठरवून काउन्सिलने एक्स्टेन्शन नाकारलं. अपील करू की तक्रार?

घरधनीण
६ सप्टेंबर २०२५

इंग्लंडात घर वाढवायच्या भानगडीत पडलेल्यांसाठी प्रश्न आहे. लांबलचक होणार, कारण डोकं तापलंय आणि तापल्यावर मला थोडक्यात सांगता येत नाही.

आमचं घर १९३० च्या दशकातलं सेमी. डावीकडची भिंत एका कुटुंबाशी जोडलेली. उजवीकडे आमचं गॅरेज, मग कुंपण, मग शेजारच्या आजींचा ड्राइव्हवे आणि त्यापलीकडे त्यांचं घर. कागदावर तीन बेडरूम आहेत, पण तिसरीत पलंग टाकला की दार अर्धंच उघडतं. मुलीचं जीसीएसईचं, म्हणजे दहावीसारख्या परीक्षेचं वर्ष. सासूबाईंना गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही, म्हणून त्या गेलं दीड वर्ष बैठकीच्या खोलीत पडदा ओढून झोपतात. कोणी पाहुणे आले की आधी त्यांची गादी आवरायची, मग पाहुण्यांना आत घ्यायचं.

म्हणून गॅरेज पाडून बाजूला दुमजली बांधायचं ठरवलं: खाली सासूबाईंची खोली आणि न्हाणी, वर मुलीची खोली. आणि मागच्या बाजूला पूर्ण रुंदीचं एकमजली स्वयंपाकघर, ४ मीटर बागेत जाणारं. ड्रॉइंग्ज करून घेतली, अर्जाचे ५२८ पौंड भरले. (मार्चअखेरपर्यंत हेच २५८ होते. आमचं नशीब नेहमी एक महिना उशिरा उठतं.)

१६ जूनला अर्ज व्हॅलिड झाला, म्हणजे तपासून दाखल करून घेतला. निर्णयाची मुदत आठ आठवडे, म्हणजे ११ ऑगस्ट. मधल्या काळात काउन्सिलकडून, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडून, चकार शब्द नाही. मी दोन मेल केले, एकदा फोन केला आणि पंचवीस मिनिटं संगीत ऐकलं. ७ ऑगस्टला, गुरुवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, केस ऑफिसरचा पहिला मेल आला: मुदत २९ ऑगस्टपर्यंत वाढवायला संमती द्याल का? मला वाटलं, काही बदल सुचवायचे असतील, बोलायचं असेल. लगेच हो म्हटलं. त्यानंतर पुन्हा सामसूम, आणि २८ ऑगस्टला थेट नकार. वर त्या नोटिशीत छापील वाक्य आहे की काउन्सिलने अर्जदाराशी सकारात्मकपणे आणि पुढाकार घेऊन काम केलं. कोणाशी केलं ते लिहिलेलं नाही.

कारणं दोन. पहिलं, बाजूचं बांधकाम दर्शनी भिंतीला समपातळीत आणि कुंपणाला भिडून असल्यामुळे दोन घरांमधली फट बुजेल आणि रस्त्यावर सलग रांग दिसू लागेल. 'टेरेसिंग इफेक्ट' हा त्यांचा शब्द. माझं बालपण चाळीत गेलंय, त्यामुळे हा आरोप काही मला मनाला लावून घेता आला नाही.

दुसरं कारण वाचून मात्र मी उभीच राहिले. शेजारच्या घराच्या बाजूच्या भिंतीत 'स्वयंपाकघराची एकमेव खिडकी' आहे आणि आमच्या दुमजली भिंतीमुळे तिचा उजेड जाईल, म्हणे. ती स्वयंपाकघराची खिडकी नाही! ती आजींच्या जिन्याच्या लँडिंगची खिडकी आहे. दुधी काच, आत जिरेनियमची कुंडी. रात्री आजी झोपायला वर जातात तेव्हा तिथला दिवा लागतो आणि मिनिटभराने विझतो. अकरा वर्षं बघतेय मी ते. स्वयंपाकघर त्यांचं मागच्या बाजूला आहे.

आता याच्याही पुढचं ऐका. ऑफिसरच्या रिपोर्टात लिहिलंय की जागेची पाहणी केली. त्याच रिपोर्टात आमच्या घराचा समोरून फोटो आहे. फोटोत दार हिरवं आहे. ते दार मी स्वतः २०२२ च्या उन्हाळ्यात विटकरी रंगवलं, खालच्या बिजागरीवर अजून हिरवा ओघळ राहिलाय. आणि फोटोच्या कोपऱ्यात चेरीचं झाड उभं आहे, जे २०२२ च्या फेब्रुवारीत युनिस वादळात आडवं झालं आणि आम्ही त्याची चार पोती लाकडं केली. म्हणजे हा फोटो साडेतीन वर्षांपेक्षा जुना, इंटरनेटवरून उचललेला. पाहणी कोणी केली? आमच्या दाराच्या कॅमेऱ्यात कुरिअरवाले आहेत, शेजारचं मांजर आहे, ऑफिसर नाही.

शेजारच्या आजींनी हरकत घेतलेली नाही. जोडघरवाल्यांनीही नाही, त्यांचं स्वतःचंच आधीपासून मागे ४ मीटर आलेलं आहे. आणि रस्त्याच्या समोरच्या बाजूला एक घर आहे, ज्याला अगदी असंच, समपातळीत, कुंपणापर्यंत, दुमजली मंजूर झालेलं आहे.

मला एवढंच विचारायचंय: अपील करू, तक्रार करू, की दोन्ही? आठ आठवड्यांत निर्णय दिला नाही म्हणून पैसे परत मिळतात असं कोणीतरी म्हणालं, ते खरं का? आणि ऑम्बड्समन, म्हणजे काउन्सिलच्या कारभाराविरुद्धच्या तक्रारी बघणारा, हा निर्णय फिरवू शकतो का? नवरा म्हणतो जाऊ दे, दुसरं घर बघू. मला जाऊ द्यायचं नाहीये.

मोसमी वारे
६ सप्टेंबर २०२५

कसलं अपील आणि कसलं काय. बांधून टाका. चार वर्षं कोणी काही बोललं नाही की आपोआप कायदेशीर होतं. माझ्या मामेभावाने केलंय.

नकाशेवाला
६ सप्टेंबर २०२५

आधी वरचा सल्ला बाद करतो, नाहीतर कोणीतरी मनावर घ्यायचं. चार वर्षांचा नियम इंग्लंडात २५ एप्रिल २०२४ पासून गेला. त्या तारखेआधी बांधकाम जवळपास पुरं झालेलं असेल तरच जुना नियम, नाहीतर दहा वर्षं. ताई, तुमच्या हातात तर ताजा नकार आहे. त्यावर बांधलंत तर काउन्सिल पाडायची नोटीस काढू शकते आणि ती न पाळणं हा गुन्हा आहे. मामेभावाचं बहुधा आधीचं असेल, त्याचं भलं होवो.

आता तुमचं. मी इथे बारा वर्षं ड्रॉइंग्ज आणि अर्ज करतो. काउन्सिलमध्ये नोकरी कधी केली नाही, त्यामुळे कोणाची बाजू घेत नाहीये. पण तुमच्या पोस्टमध्ये दोन वेगळ्या गोष्टी एकाच पिशवीत भरल्यात आणि त्या आधी सोडवल्या पाहिजेत. एक, हे बांधकाम त्या जागी चालण्यासारखं आहे का. दोन, काउन्सिल तुमच्याशी कशी वागली. पहिल्या प्रश्नाची खिडकी वेगळी, दुसऱ्याची वेगळी. चुकीच्या खिडकीशी उभं राहिलात तर रांगेत वर्ष जाईल.

अपील म्हणजे प्लॅनिंग इन्स्पेक्टोरेट या सरकारी संस्थेकडे. घरगुती अर्जाच्या नकारावर १२ आठवड्यांची मुदत असते आणि ती नोटिशीवरच्या तारखेपासून मोजतात, तुम्ही पत्र उघडल्यापासून नाही. तुमची २८ ऑगस्ट, म्हणजे २० नोव्हेंबरला संपते. हा आकडा फ्रिजवर लावा. अपिलाला फी नाही. इन्स्पेक्टर काउन्सिलच्या बाहेरचा असतो आणि सगळं नव्याने बघतो. पण घरगुती अपिलात तुम्हाला एकदाच बोलता येतं: अर्जासोबत जे निवेदन जोडाल तेच. काउन्सिल बहुतेक वेळा तिचा जुना रिपोर्टच पुढे करते, आणि त्यावर उत्तर द्यायला तुम्हाला दुसरी संधी नाही. नकाशेही तेच, ज्यांवर नकार मिळाला. 'आता थोडं कमी करतो' हे अपिलात सहसा चालत नाही. त्यासाठी नवा अर्ज.

ऑम्बड्समन निर्णय फिरवत नाही. तो कारभारात चूक झाली का आणि त्यामुळे तुमचं काय नुकसान झालं एवढंच बघतो. आणि ज्याला इन्स्पेक्टोरेटकडे अपिलाचा हक्क होता, त्याचं प्रकरण तो सहसा हातातच घेत नाही. आधी काउन्सिलची स्वतःची तक्रार प्रक्रिया पुरी करावी लागते, ते वेगळंच.

पैसे परत: जे ऐकलंत ते अर्धं खरं. परतावा आठ आठवड्यांवर नाही, छोट्या अर्जांना १६ आठवड्यांवर आहे, आणि मुदतवाढ लिहून दिली असेल तर तोही नाही. तुमचा निर्णय साडेदहा आठवड्यांत आला. म्हणजे तुम्ही ७ तारखेला हो म्हटलं नसतं तरी ५२८ परत आले नसते. उगाच स्वतःला बोल लावू नका. फार तर, मुदतवाढ देताना 'कशासाठी हवी, काय बदलायला सांगणार' हे विचारून मग हो म्हणायचं, एवढं पुढच्या वेळी.

खिडकीचा मुद्दा दमदार आहे. लँडिंग ही राहती खोली धरत नाहीत. नकाराचं एक अख्खं कारण चुकीच्या वस्तुस्थितीवर उभं आहे. आजी तयार असतील तर आतून फोटो काढा, जिना दिसेल असा. त्यांच्या घराचा जुना एखादा अर्ज काउन्सिलच्या रजिस्टरमध्ये असेल तर त्यात त्यांचा मजल्याचा नकाशा सापडेल, आणि तो तर काउन्सिलचाच कागद.

पाहणीचं जरा सांभाळून. ऑफिसरने प्रत्यक्ष यायलाच हवं असं कायदा म्हणत नाही. रस्त्यावरून बघूनही जातात, कॅमेऱ्यात न येता. पण 'पाहणी केली' असं लिहिलंय आणि केली नसेल तर ती कारभारातली चूक आहे. पर्यावरण माहिती नियम २००४ खाली पाहणीची तारीख, नोंदी आणि त्या दिवशी काढलेले फोटो मागा. २० कामाच्या दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मेलमध्ये राग नको, चार ओळी पुरेत.

समोरचं घर: एकसारख्या प्रकरणांत एकसारखा निर्णय हा विचारात घ्यायचा मुद्दा असतो, पण 'त्याला दिलं म्हणून मला द्या' एवढ्यावर कोणी देत नाही. ते कधी मंजूर झालं आणि काउन्सिलची डिझाइन गाइड (बांधकाम कसं असावं याच्या तिच्या लेखी सूचना) कधी आली, या दोन तारखा आधी बघा. बऱ्याचदा गोम तिथे असते.

आणि मला खरं विचाराल तर तुमचं पहिलं कारण जास्त काळजीचं आहे. समपातळीत, कुंपणाला भिडून, दुमजली हे बहुतेक काउन्सिलच्या गाइडमध्ये बसत नाही. वरचा मजला थोडा मागे आणि छपराचं टोक थोडं खाली, नाहीतर कुंपणापासून मीटरभर जागा. हे ड्रॉइंग्ज करणाऱ्याने तुम्हाला आधी सांगायला हवं होतं.

घरधनीण
६ सप्टेंबर २०२५, रात्री

नकाशेवाले, एवढं सविस्तर लिहिलंत, आभार. २० नोव्हेंबर फ्रिजवर लावलं, सासूबाईंनी विचारलं कोणाचा वाढदिवस.

पण शेवटचा परिच्छेद वाचून वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. म्हणजे त्यांनी न येता लिहायचं, जिन्याला स्वयंपाकघर म्हणायचं, आणि शेवटी चूक आमच्याच नकाशाची? माझ्या डोक्यात अपिलाचं निवेदन तयार आहे. पहिल्या पानावर हिरवं दार, दुसऱ्या पानावर विटकरी दार. इन्स्पेक्टरला कळू दे ना हे लोक कसं काम करतात.

अपिलात आपटलेला
७ सप्टेंबर २०२५

ताई, थांबा. हेच मी केलं होतं.

माझं प्रकरण छपराच्या खोलीचं होतं, पण राग हाच. मी नऊ पानांचं निवेदन लिहिलं. त्यातली सात पानं केस ऑफिसरवर: किती मेल, किती फोन, कधी काय म्हणाली, तारीखवार. बायको म्हणाली छान झालंय, अगदी कोर्टासारखं. नकाशाबद्दल दीड पान. छपराची खिडकी का दिसायला वाईट नाही, यावर एक परिच्छेद.

काही महिन्यांनी इन्स्पेक्टर पाहणीला आला. मी आधीच वाचलं होतं की त्याच्याशी प्रकरणावर बोलता येत नाही, तरी मनात होतं की चहाच्या निमित्ताने दोन शब्द कानावर घालू. चहा विचारला, नको म्हणाला. पाणी विचारलं, तेही नको. बागेत उभा राहून वर बघितलं, पलीकडच्या गल्लीत जाऊन तिथून बघितलं, वहीत काहीतरी लिहिलं, दहा-बारा मिनिटांत गेला. निर्णय आला तो जेमतेम दोन पानांचा. माझ्या सात पानांना त्यात एक वाक्य मिळालं: अर्ज हाताळण्याच्या पद्धतीविषयीच्या तक्रारी या अपिलाच्या कक्षेत येत नाहीत. उरलेलं सगळं छपराबद्दल, आणि ते माझ्या विरोधात.

घरगुती अपिलं मंजूर होण्यापेक्षा फेटाळलीच जास्त जातात, हे मला नंतर कळलं. दार विटकरी आहे की हिरवं, याने तुमची भिंत कुंपणापासून लांब जात नाही. खिडकीचा मुद्दा जरूर लिहा, कारण तो बांधकामाबद्दल आहे. दाराचा मुद्दा तक्रारीत टाका.

एक मात्र सांगून ठेवतो. काउन्सिलच्या अवाजवी वागण्यामुळे तुमचा अपिलाचा खर्च फुकट गेला असं दाखवता आलं तर तो खर्च मागता येतो. मागणी अपिलासोबतच करावी लागते. मला हे माहीत नव्हतं. अर्थात त्यात अपिलावरचाच खर्च धरतात. ५२८ पौंड नाही, मनस्ताप तर नाहीच.

कुंपणापलीकडची
७ सप्टेंबर २०२५

मी दुसऱ्या बाजूने लिहिते, म्हणजे शेजाऱ्याच्या.

आमच्या शेजारचं मंजूर झालं आणि माझं स्वयंपाकघर अंधारलं. दुपारी दोनला दिवा लावून भाजी निवडते. काउन्सिलकडे गेले तर कळलं की शेजाऱ्याला इंग्लंडात अपिलाचा हक्कच नाही. उरतं ते हायकोर्ट, तेही सहा आठवड्यांत, आणि ते फक्त निर्णय कायद्याने घेतला का एवढंच बघतं. वकिलाने पहिल्या भेटीत खर्च सांगितला, मी दुसरी भेट घेतली नाही. तर तुमच्याकडे निदान १२ आठवडे आणि फुकटचं अपील तरी आहे.

मला एकच विचारायचंय. आजींनी हरकत घेतली नाही हे खरं, पण त्यांना कोणी विचारलं का? काउन्सिलचं पत्र येतं ते कंटाळवाणं, आठ ओळींत संदर्भ क्रमांक, २१ दिवस. वयस्कर माणसं ते घड्याळामागे खोचून ठेवतात. लँडिंगची खिडकी सोडा. त्यांच्या खऱ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून तुमचं ४ मीटरचं बांधकाम कसं दिसेल, ते बघितलंय का कोणी?

नकाशेवाला
७ सप्टेंबर २०२५

कुंपणापलीकडची यांनी जे विचारलं ते मीच विचारायला हवं होतं. ताई, तुमच्या काउन्सिलच्या गाइडमध्ये ४५ अंशांची रेषा आहे का बघा. शेजारच्या मागच्या भिंतीतली तुमच्या सगळ्यात जवळची राहत्या खोलीची खिडकी घ्यायची, तिच्या मध्यापासून तुमच्या बाजूला ४५ अंशांत रेषा ओढायची. तुमचं बांधकाम रेषेच्या आत राहिलं तर ठीक. कुठून मोजायचं हे काउन्सिलगणिक बदलतं, म्हणून तुमच्याच गाइडमधलं वाचा. दोन्ही घरांची मागची भिंत एका रेषेत असेल तर हिशेब सोपा आहे: खिडकीचा मध्य तुमच्या भिंतीपासून जितका लांब, तितकंच तुम्ही मागे जाऊ शकता.

आणि सासूबाईंची खोली जर घाईची असेल तर वरचा मजला बाजूला ठेवून विचार करा. सेमीला मागे ३ मीटर एकमजली परवानगीशिवाय बांधता येतं, शेजाऱ्यांना कळवून घ्यायच्या मंजुरीने ६ पर्यंत. बाजूला एकमजली, मूळ घराच्या रुंदीच्या निम्म्यापर्यंत, तेही परवानगीशिवाय. उंचीच्या अटी आहेत: एकूण ४ मीटर, आणि हद्दीपासून २ मीटरच्या आत असाल तर पागोळीपाशी ३ मीटर. पण एक खड्डा आहे ज्यात सगळे पडतात. बाजूचं आणि मागचं कोपऱ्यात एकमेकांना जोडलं की ते एकच बांधकाम धरतात, मग पूर्ण रुंदीचं मागचं निम्म्या रुंदीच्या अटीत बसत नाही. दोन्हींमध्ये फट ठेवायची. हे करणार असाल तर बांधकामाला परवानगी लागत नाही असा कायदेशीरपणाचा दाखला काउन्सिलकडून आधी घ्या, त्याची फी अर्धी, २६४. संवर्धन क्षेत्रात असाल किंवा काउन्सिलने हे हक्क काढून घेतले असतील तर यातलं बरंच काही लागू नाही.

मोसमी वारे
७ सप्टेंबर २०२५

मामेभावाला फोन केला. त्याचं २०१६ चं आहे. नकाशेवाले जिंकले.

घरधनीण
१४ सप्टेंबर २०२५

आठवडाभर गायब होते, कारण कामाला लागले होते. सांगते.

आधी तारखा. समोरच्या घराचा अर्ज रजिस्टरमध्ये सापडला. मंजूर २०१७ साली. आमच्या काउन्सिलची डिझाइन गाइड २०२१ ची. गोम तिथेच होती. त्या गाइडमध्ये चित्रासकट लिहिलंय की वरचा मजला दर्शनी भिंतीपासून किमान अर्धा मीटर मागे. हे चित्र आमच्या ड्रॉइंगवाल्याला दाखवलं तर तो म्हणाला, "हो, पण कधीकधी जाऊन जातं." आमच्या ५२८ पौंडांवर त्याचं कधीकधी.

मग शनिवारी सकाळी आजींकडे गेले. सोबत केळ्याचा केक, नवऱ्याची मोजायची टेप. काउन्सिलचं पत्र खरोखरच घड्याळामागे होतं. उघडलेलं, वाचलेलं, पण 'तुमचंच आहे म्हटल्यावर मी काय लिहायचं' म्हणून ठेवलेलं. त्यांना मी रिपोर्टातलं वाक्य वाचून दाखवलं. जिन्यावर उभ्या राहून आजी त्या खिडकीकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, इथे भांडी कुठे घासते मी? फोटो काढले: जिना, कठडा, कुंडी, दुधी काच. एका फोटोत आजी स्वतः आहेत, त्यांनीच हट्ट धरला.

मग स्वयंपाकघरात गेलो. तिथे मला गप्प व्हायची वेळ आली. त्यांची खिडकी मागे, सिंकच्या वर. खिडकीच्या मध्यापासून कुंपण ३.४ मीटर. आमची भिंत कुंपणाच्या १५ सेंटिमीटर आत, म्हणजे ३.५५. दोन्ही घरांच्या मागच्या भिंती एका रेषेत आहेत, आणि आम्ही मागे जाणार होतो ४ मीटर. ४५ सेंटिमीटर रेषेच्या पलीकडे. टेप दोनदा लावली. आजी कागदावर आकडे लिहून घेत होत्या, त्या शाळेत भूमिती शिकवायच्या. कागदावर रेषा त्यांनीच ओढली आणि काही न बोलता माझ्यापुढे सरकवली.

म्हणजे काउन्सिलने चुकीची खिडकी धरली, आणि बरोबर खिडकी कोणी बघितलीच नाही. ना त्यांनी, ना आमच्या ड्रॉइंगवाल्याने, ना मी. मी ते अपिलात घेऊन गेले असते तर इन्स्पेक्टर बागेत उभा राहून पहिल्या दोन मिनिटांत तिथेच बघणार होता. राग गेलेला नाही. पण तो आता नक्की कोणावर आहे हे जरा मोजूनमापून ठरवावं लागतंय.

नवा अर्ज करतोय. मागचं ३.५ मीटर. वरचा मजला अर्धा मीटर मागे, छपराचं टोक खाली. मुलीची खोली तेवढी आखूड झाली, टेबल आणि कपाट यातलं एक निवड म्हटलं तर कपाट नको म्हणाली, कपडे तसेही जमिनीवरच असतात. सासूबाईंची खोली जशीच्या तशी राहिली, कारण मागे सरकतोय तो वरचाच मजला. पुन्हा ५२८ भरायचे. पूर्वी नकारानंतर एक अर्ज फुकट करता यायचा म्हणे, ती सवलत २०२३ च्या डिसेंबरात बंद झाली.

काउन्सिलकडे तक्रार वेगळी पाठवली. पहिला मसुदा चार पानी होता, तो पाडून अर्ध्या पानावर आणला. तीनच गोष्टी: पाहणी कोणत्या तारखेला झाली, हिरव्या दाराचा फोटो कुठून आला, आणि लँडिंगची खिडकी स्वयंपाकघराची कशी झाली. सोबत आजींचे फोटो. पाहणीच्या नोंदींसाठी माहितीचा अर्जही केलाय.

नकाशेवाले, एक शंका: नव्या अर्जावर निर्णय यायच्या आधी २० नोव्हेंबर उलटला तर?

नकाशेवाला
१४ सप्टेंबर २०२५

तर अपील गेलं. म्हणून घाई करा. अर्ज २२ सप्टेंबरला व्हॅलिड झाला तर आठ आठवडे १७ नोव्हेंबरला भरतात, हातात तीन दिवस उरतात. त्याहून उशीर झाला किंवा त्यांनी पुन्हा मुदतवाढ मागितली, तर निर्णयाची वाट न बघता जुन्या नकारावर अपील टाकून द्या. फुकट आहे, नवा अर्ज मंजूर झाला की मागे घेता येतं. निवेदनाचा कच्चा मसुदा आत्ताच करून ठेवा, फक्त भिंत, छप्पर आणि खिडक्यांवर. दार नको.

नव्या अर्जासोबत ४५ अंशांची रेषा काढलेला नकाशा जोडा आणि लँडिंगच्या खिडकीवर 'जिना' असं स्पष्ट लिहा. ऑफिसर तोच आला तर त्याला शोधत बसावं लागणार नाही.

आणि आजींना सांगा, त्यांची रेषा माझ्याकडे कामाला असलेल्या दोन मुलांपेक्षा बरी असेल.

घरधनीण
१४ सप्टेंबर २०२५

सांगते. तसंही उद्या जायचंच आहे, टेप त्यांच्याकडेच राहिलीय.